सशाच्या नाटकाला लाल शेरा

नाव वर नोंदवल्याप्रमाणे. नाटकवाल्यांत आणि सभांमध्ये 'तोफबाई' म्हणून ओळख. वय एकसष्ट. धंदा: पूर्वी महाविद्यालयात साहित्य शिकवीत होते, आता नाटके बसवते आणि बोलावतील तिथे भाषणे करते. राहणार: छापखान्याच्या वरचा मजला, रस्त्याकडच्या दोन खोल्या, सोबत धाकटी बहीण आणि तिचा नवरा.

मी समन्सवरून ठाण्यात येऊन, कोणी न शिकवता, शुद्धीत आणि रागात जबाब देते तो असा.

या ठाण्यातील अंमलदारहो, आणि ज्यांच्या टेबलावर हा कागद पुढे जाईल त्या सर्वांनो, आपले एक दुखणे सारखेच आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी असा कागद हातात घेतला आहे, ज्यावर 'प्रणालीने नाकारले' एवढेच छापलेले असते. रजेचा अर्ज असेल, बदलीचा असेल, घराचा असेल. कोणी नाकारले, का नाकारले, दाद कोणाकडे मागायची, याचा पत्ता नसतो. खिडकीपलीकडचा माणूस हात वर करतो आणि म्हणतो, मी काय करणार, यंत्र म्हणतंय. माझा जबाब यंत्राविषयी नाही. यंत्राच्या मागे जो उभा आहे त्याच्याविषयी आहे.

इथे लिहून घेणारे हवालदार थांबले आणि म्हणाले, "बाई, भाषण नको. हकीगत सांगा."

मी म्हणाले, "हकीगतच सांगतेय. भाषण करायचं असतं तर आधी तुम्हाला उठून पंखा बंद करायला लावला असता."

त्यांनी हे सगळे लिहून घेतले आहे, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

आमच्या नगर कार्यालयाचा क्रीडा व सभागृह विभाग ज्या इमारतीत आहे, तिथे तळमजल्यावर पोहण्याचा तलाव आहे आणि वर विभागाचे कार्यालय आहे. मागचे अंगण ओलांडले की सभागृह. तिन्हींवर एकच विभागप्रमुख. सभागृहात नाटक करायचे तर त्याची संहिता आधी या विभागाकडून तपासून घ्यावी लागते. हे काम पूर्वी एक म्हातारे वाचक करीत. चष्मा कपाळावर चढवून, पेन्सिल कानामागे खोचून ते पानन् पान वाचीत, आणि भांडायला गेले तर भांडत. माणूस होता. गेल्या उन्हाळ्यात त्यांना घरी पाठवले आणि त्यांच्या टेबलावर संगणक आला. संहिता त्यात भरली की तो प्रत्येक प्रवेशाला आक्षेपार्हतेचे शंभरपैकी गुण देतो आणि शेवटी हिरवा, पिवळा किंवा लाल शेरा मारतो. लाल शेरा आला की सभागृह मिळत नाही.

माझ्या बहिणीचा नवरा त्याच इमारतीतल्या तलावावर जीवरक्षक होता. सगळे त्याला मासा म्हणतात, मीही तेच म्हणते. गेल्या उन्हाळ्यात त्याच्या पाळीत आठ वर्षांचा एक मुलगा बुडाला. मुलाची आई शिवणकाम करते. मासा निलंबित झाला. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा याच ठाण्यात नोंदवलेला आहे आणि त्याचा तेव्हाचा जबाब तुमच्याच कपाटात आहे. त्यात तो म्हणतो की मी माझ्या जागेवर होतो, पण माझे लक्ष नव्हते. खटला पुढच्या आठवड्यात उभा राहणार आहे. शिक्षा झाली तर तो तुरुंगात जाईल.

तो जबाब खोटा आहे. मला हे त्याच्या बायकोकडून, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीकडून, या हिवाळ्यात कळले. तोपर्यंत त्याने ते कोणालाही सांगितले नव्हते. आम्ही एकाच घरात राहतो, एकाच टेबलावर जेवतो, तरी मला संशय आला नव्हता. तो पूर्वी जेवताना बोलत असे, नंतर बोलेनासा झाला. मी समजले, दुःख आहे.

खरे घडले ते असे. मासा तलावाच्या कडेला उभा होता. विभागाचा शिपाई खाली आला आणि म्हणाला, साहेबांनी वर बोलावलंय. मासा म्हणाला, पोरं पाण्यात आहेत. शिपाई म्हणाला, पाहुणे येऊन उभे आहेत, खुर्च्या आत न्यायच्यात, दोन मिनिटांचं काम. मासा गेला. परत आला तेव्हा ओरडा चालू होता. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी त्याला खोलीत घेऊन दार लावले. "मी बोलावलं म्हणालास तर आपण दोघंही जाऊ. लक्ष नव्हतं म्हण. तुला मी आतून सांभाळून घेतो." चौकशीत विभागप्रमुखांनी लेखी दिले की त्या दिवशी मी तलावावरील कोणालाही वर बोलावले नव्हते. पुढे शिपायाची बदली झाली. कुठे झाली ते विभागाला माहीत आहे, आम्हाला नाही. आणि सांभाळून घेणे म्हणजे काय, ते मासा अजून निलंबित आहे यावरून समजून घ्यावे.

बहिणीने मला विचारले, "ताई, त्यानं आता जबाब बदलला तर?"

मी म्हणाले, "आता? म्हणतील, तोफबाईनं पढवलं."

"मग गप्प बसायचं?"

"मी असं म्हणाले का?"

माझी बहीण खालच्या छापखान्यात मुद्रिते तपासते. दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात तिची अर्धी हयात गेली. तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचे काही लिहिले, आणि ते नाटक निघाले. चार प्रवेशांचे. त्यातला तिसरा प्रवेश मी वर सांगितला तोच. त्यात शिवी नाही, रक्त नाही, कोणाचे नाव नाही, आरडाओरडा नाही. रखवालदार पाण्याकडे बघत उभा आहे. शिपाई येतो, बोलतो. रखवालदार ओल्या अंगावर सदरा चढवतो, गळ्यातली शिट्टी काढून शिडीच्या दांड्याला अडकवतो आणि जातो. रंगमंचावर कोणी उरत नाही. फक्त पाण्याचा आवाज येतो आणि अंधार होतो. मी चाळीस वर्षे नाटके वाचते आहे. हा प्रवेश वाचल्यावर मी पाणी प्यायला उठले.

नाटक कुठेही पाठवण्याआधी ते मुलाच्या आईला ऐकवायचे, असा बहिणीने हट्ट धरला. मी नको म्हणत होते. ती आली. आमच्या बाहेरच्या खोलीत तिला खिडकीजवळची खुर्ची दिली. मासा दाराशी, जमिनीवर बसला होता. बहिणीने वाचले. तिसरा प्रवेश संपल्यावर ती बाई इतकेच म्हणाली, "किती खुर्च्या होत्या?"

मासा म्हणाला, "बारा."

चौथा प्रवेश ऐकायला ती थांबली नाही. दाराशी चपला घालताना बहिणीला म्हणाली, "करा नाटक." त्या भेटीबद्दल मला अधिक काही सांगायचे नाही.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगणे भाग आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. परीक्षकाकडे नाटक पाठवताना आम्ही त्यात एक बोकड सोडतो. बोकड म्हणजे फक्त कापला जावा म्हणून लिहिलेला प्रवेश. त्यात भरपूर शिव्या असतात, अचकट-विचकट बोलणे असते. परीक्षक तो बोकड कापतो, आपले कर्तव्य केले म्हणून खूश होतो, आणि आपल्याला हवा असतो तो प्रवेश त्याच्या नजरेतून सुटतो. म्हातारे वाचक हे ओळखून होते. ते म्हणत, "बाई, या खेपेचा बोकड हडकुळा आहे. जरा खाऊपिऊ घाला." तर या नाटकात दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रवेशांच्या मधे एक दारुडा ठेकेदार मी स्वतः लिहून घातला. तीन पाने तो सगळ्यांची आई-बहीण काढतो. चांगला लिहिला होता. यंत्राला खुशी-नाखुशी नसते, यंत्राशी घासाघीस होत नाही, हे माझ्या डोक्यात आले नाही. सवयीने मी बोकड सोडला.

नाटक यंत्रात गेले. निकाल घ्यायला मी आणि बहीण दोघी गेलो. यंत्र चालवणाऱ्या ऑपरेटरने खिडकीतून कागद सरकवला. लाल. मी मनात म्हटले, बोकड जास्तच पोसला. मग गुण वाचले. ठेकेदाराच्या तीन पानांना शंभरपैकी चार. आणि तिसऱ्या प्रवेशाला, जिथे एक माणूस सदरा घालून निघून जातो तिथे, शंभरपैकी सत्त्याण्णव.

बहीण म्हणाली, "ताई, आकडे उलटे पडलेत का?"

मी ऑपरेटरला विचारले. तो म्हणाला, "नाही हो, बरोबर आहेत. शिव्यांचं माप सैल करून ठेवलंय. सुरुवातीला घट्ट होतं, तेव्हा एकही नाटक पास होईना, सभागृह ओस पडायला लागलं."

"आणि तिसरा प्रवेश?"

"ते यंत्र म्हणतंय."

त्या दिवसापासून मला संशयाने धरले. मी भित्री नाही, पण त्या आठवड्यात घरात बोलताना मी खिडकी लावून घेत असे. तिसऱ्या प्रवेशात काय आहे हे आम्हा मोजक्या माणसांना माहीत होते. यंत्राला कोणीतरी सांगून ठेवल्याशिवाय ते त्याच प्रवेशावर झडप घालणार नाही. मग फुटले कोण? मुलाच्या आईवर संशय घेण्याची मला लाज वाटली. माशावर मी घेतला, एक संध्याकाळभर. आणि मग ढोलवर घेतला, तो बरेच दिवस टिकला.

ढोल म्हणजे आमच्याकडचा विनोदी नट. देह तसा, आवाज तसा. बालनाट्येही करतो. त्याचे नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचे दुकान आहे. तो आमच्या नाटकात ठेकेदार करणार होता, म्हणून संहितेची एक प्रत त्याच्याकडे होती. आणि ऑपरेटरबरोबर रोज चहा पिताना त्याला मी स्वतः पाहिले होते.

मी त्याच्या दुकानात गेले. खुंट्यांवर दाढ्या लटकत होत्या, त्यांच्यामधून त्याचे तोंड दिसत होते. मी सरळ विचारले, "काय मिळालं तुला?"

तो म्हणाला, "कशाचं?"

"सोंग काढू नकोस. तिसरा प्रवेश तू त्यांना सांगितलास."

त्याने हातातला झगा खाली ठेवला. "तोफबाई, मी तुमच्या नाटकात शिव्या द्यायला तयार झालो, त्या खायला नाही."

"मग त्या ऑपरेटरच्या गळ्यात गळा घालून का बसतोस?"

"कारण माझं स्वतःचं नाटक वर्ष होत आलं लाल पडून आहे! कोणी ऐकलं? तुमचं पडलं की अन्याय. ढोलचं पडलं की ढोलनंच काहीतरी चावटपणा केला असणार, नाही का?"

मग त्याने जे सांगितले ते या जबाबातील पहिला पुरावा म्हणून नोंदवावे. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीस, मुलगा गेल्याला महिनाही झाला नव्हता तेव्हा, ढोलने एक फार्स यंत्राकडे दिला होता. गोदामाचा पहारेकरी असतो. मालकाच्या वाढदिवसाला माणसे कमी पडतात, म्हणून मालक त्याला खुर्च्या मांडायला वर बोलावतो, आणि खाली चोर सगळे गोदाम घेऊन जातात, शेवटी पहारेकऱ्याची विजारही. फार्सला लाल शेरा आला. ढोलला वाटले विजारीमुळे आला. त्याने विजार परत चढवली. पुन्हा लाल. त्याने दारूची बाटली काढून सरबत केले. लाल. मालकाच्या बायकोला बहीण केले. लाल. "बाई, शेवटी त्या नाटकात इतकं सोवळं झालं की चोरसुद्धा नमस्कार करून आत शिरत होते. तरी लाल!"

मी विचारले, "पहिल्यांदा लाल झालं तेव्हा उन्हाळा होता? नक्की?"

"नक्की. तलावाला टाळं होतं तेव्हाच की. पोराचं झालं होतं ना."

मी त्याच्या दुकानातल्या सिंहासनावर बसले. भाड्याचे, पुठ्ठ्याचे, पण बसावे लागले. कारण त्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीने एक ओळही लिहिलेली नव्हती. माशाने तिला काही सांगितलेही नव्हते. आमचे गुपित फुटायला आमच्याकडे गुपितच नव्हते. रखवालदाराला वरच्या माणसाने खुर्च्यांसाठी जागेवरून हलवले, ही गोष्ट त्या वेळी या जगात तिघांनाच माहीत होती. एक मासा, दुसरा शिपाई, आणि तिसरा ज्याने बोलावले तो. आणि त्याच वेळी यंत्राला ही गोष्ट आक्षेपार्ह वाटत होती.

मी ढोलची माफी मागितली. तो म्हणाला, "माफी राहू द्या. माझ्या विजारीचं काय?"

पण एका फार्सवर मी कोणाला फासावर चढवत नाही. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना सांगितले, पटले म्हणून खरे मानू नका, तपासा. म्हणून आम्ही सशाचे नाटक रचले. ज्या नाटकाबद्दल आज मला इथे बोलावले आहे ते हेच. विभागाची तक्रार अशी आहे की यंत्राची दिशाभूल करण्याच्या हेतूने आम्ही बनावट बालनाट्य दिले. नाटक बनावट नाही, अगदी चांगले आहे. हेतू मात्र कबूल.

नाटक असे. एक ससा तळ्याकाठी बदकाच्या पिल्लांवर लक्ष ठेवतो. अस्वलमामाकडे पाहुणे येतात. मामा खारूताईला पाठवतो. खारूताई म्हणते, "ससोबा, चला, गुहेत खुर्च्या मांडायच्यात." ससा जातो. एक पिल्लू हरवते. सगळे शोधतात, पिल्लू कमळाच्या पानाखाली झोपलेले सापडते, आणि सगळे मिळून गाणे म्हणतात. ढोलच्या बालनाट्य मंडळाच्या नावाने हे नाटक यंत्रात गेले. तळ्याकाठच्या प्रवेशाला शंभरपैकी शहाण्णव. लाल शेरा. वर छापील सूचना, 'बालप्रेक्षकांसाठी अयोग्य'.

हवालदार इथे हसले. मीही तेव्हा हसले होते. पुढचे ऐकून हसू येत नाही.

दुसऱ्या खेपेला तेच नाटक आम्ही एक बदल करून दिले. अस्वलमामा कोणाला पाठवत नाही. ससा आपल्या जागेवरच आहे, पण त्याचा डोळा लागतो. म्हणजे माशाने तुमच्याकडे लिहून दिले आहे तेच. जागेवर होतो, लक्ष नव्हते. बाकी शब्दाचा फरक नाही. शंभरपैकी दोन. हिरवा. 'सर्व वयोगटांसाठी योग्य'.

अंमलदारसाहेब, नीट ऐकून घ्या. ससा झोपला तर चालते. सशाला बोलावले तर चालत नाही. कोणत्या मुलाचे मन सशाला बोलावल्याने बिघडते? कोणत्या समाजाच्या भावना अस्वलाच्या खुर्च्यांनी दुखावतात? आक्षेपार्ह हा शब्द मी चाळीस वर्षे ऐकते आहे. आक्षेप कोणाचा, हे विचारले की पूर्वी निदान एक चेहरा दिसत असे, चुकीचा का होईना. आता चेहरा काढून तिथे आकडा ठेवला आहे, आणि आकड्याशी कोणी भांडू नये अशी सोय केली आहे. मी यंत्रांच्या विरोधात नाही. माझा चष्माही यंत्रावरच बनतो. पण ज्याने गुन्हा लपवायचा त्याच्याच हाती चाळणी दिली, तर चाळणीतून काय खाली पडेल आणि काय वर अडकेल, ते सांगायला तोफबाई कशाला हवी?

सशाचा दुसरा निकाल घ्यायला मी एकटीच गेले होते. ऑपरेटरने आजूबाजूला पाहिले. मी विचारले, "हे कशावरून ठरतं?"

तो म्हणाला, "विशेष लक्ष म्हणून एक सोय आहे त्यात. कुठला विषय आला की गुण चढवायचे ते आधी भरून ठेवता येतं. नुसते शब्द नाहीत, गोष्टच सांगायची. मग ते कुठल्याही वेषात ओळखतं."

"कोण भरतं?"

"साहेबांच्या खोलीतल्या संगणकावरून होतं ते. माझ्याकडे ते पान उघडतसुद्धा नाही."

"कधी भरलं?"

"आलं त्याच आठवड्यात असणार. मी विचारलं होतं, साहेब, हे कसले नियम? तर म्हणाले, शिस्तीचा प्रश्न आहे."

"आणि आलं कधी ते यंत्र?"

"आलं नंतर. आधी कंपनीचे लोक दाखवायला आले होते, वरच्या दालनात. तो दिवस कसा विसरेन, त्याच दिवशी खाली ते पोर..."

तो तिथे थांबला. त्याने खिडकीची काच ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्याने मला ओळखले नाही. "कुठली सोय? मी असं काही बोललो नाही, बाई." मी त्याला दोष देत नाही. त्याला घर आहे.

म्हणजे वर जे पाहुणे उभे होते ते हे यंत्र विकायला आलेले होते. माशाने ज्या बारा खुर्च्या उचलल्या त्यांच्यावर बसून त्यांनी ते दाखवले, असे माझे म्हणणे आहे. मी ते पाहिलेले नाही. ऑपरेटरच्या बोलण्यावरून आणि माशाच्या सांगण्यावरून जोडले आहे, तेवढेच नोंदवावे. माझ्या रागाला पुरावा समजू नये.

मात्र एक गोष्ट रागातून आलेली नाही. कोणता विषय, कोणत्या दिवशी, कोणाच्या परवलीच्या शब्दाने आत भरला गेला, याची नोंद ते यंत्र, ज्या संगणकावरून ते भरले त्याच्या पोटात जपून ठेवते. कंपनीच्या माहितीपत्रकात ही गोष्ट मोठ्या अभिमानाने छापली आहे. जर ती नोंद मुलगा गेल्यानंतरच्या त्या पहिल्या दिवसांतली असेल, तर विभागप्रमुखांनी चौकशीत लिहून दिलेले खोटे आहे. न घडलेली गोष्ट कोणी इतक्या काळजीने दाबत नाही. मासा आता खरे बोलला तर त्याच्यापुढे त्याचा स्वतःचाच जबाब धराल, आणि तुम्ही चुकणार नाही. माणूस भीतीने बदलतो, ऑपरेटर बदलला, मासा बदलला. ती नोंद अजून बदललेली नाही.

आज सकाळी ढोल धापा टाकत आमच्या जिन्यावर आला. त्याला ऑपरेटरने नव्हे, सभागृहाच्या झाडूवाल्याने सांगितले की आज संध्याकाळी कंपनीची गाडी येणार आहे. जुने संगणक घेऊन जाणार, नवे बसवणार. सुधारित आवृत्ती. आम्ही बोलतो आहोत तोवर तुमचा शिपाई समन्स घेऊन दाराशी उभा. तक्रार परवाची आहे, आणि मला बोलावणे नेमके आजचे. दुपारपासून मी समोरच्या बाकावर बसून होते. तीनदा विचारले, तीनदा सांगितले, साहेब येतायत. तुम्ही त्यांना सामील आहात असे मी म्हणत नाही. तुम्हाला वापरून घेतले जात असावे, असा माझा संशय आहे, आणि तोही तुमच्या हातानेच या कागदावर लिहिला गेला पाहिजे. सशाचे नाटक केल्याबद्दल माझ्यावर काय कारवाई करायची ती सावकाश करा. मी पळून जाणार नाही. एकसष्टाव्या वर्षी पळणे शोभतही नाही आणि जमतही नाही.

माझा कोणाशी जमिनीचा, घराचा किंवा मानापानाचा वाद नाही. विभागप्रमुखांशी माझे जे काही आहे ते मी सभांमध्ये मोठ्याने बोलले आहे.

लिहिलेले मला वाचून दाखवण्यात आले. एका ठिकाणी 'किरकोळ कामासाठी जागेवरून हलवले' असे लिहिले होते, तिथे 'खुर्च्यांसाठी जागेवरून हलवले' असे करून घेतले आहे. भाषणाचा भाग गाळू का, असे हवालदारांनी विचारले. मी नको म्हणाले, तो ठेवला आहे. बाकी मजकूर माझ्या तोंडचाच आहे, त्यात भर नाही आणि घटही नाही. खाली सही करते.

सही करता करता शेवटचे. विभागाचे कार्यालय अजून उघडे आहे, आणि ठाण्यापासून ते समोरच्या चौकापलीकडे आहे. माझी फाईल बंद करायची राहू द्या. पंच सोबत घ्या, आणि कंपनीची गाडी पोचण्याआधी विभागप्रमुखांच्या खोलीतला संगणक सील करून ताब्यात घ्या. आत्ता उठा.